सत्राचे शेवटचे तीन आठवडे: आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेत ते कसे आखावेत

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळांचं पहिलं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं. शेवटच्या तीन आठवड्यांत पालकांसमोर मुलांचं सादरीकरण, रिपोर्ट, न्यूजलेटर, समारोपाची असेम्ब्ली, मैदानावरचा दिवस आणि वर्गातला खाऊ हे सगळं एकावर एक येतं. यातलं कुठलंच काम अवघड नाही. बिघडतो तो क्रम, आणि क्रम बिघडला की सत्र कसं गेलं हे मुलांनी सांगायचं राहून जातं, मोठेच एकमेकांशी बोलत बसतात. ही मांडणी आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) पीवायपी, म्हणजे प्राथमिक वर्गांचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, पण थोड्या फेरफाराने ती कुठल्याही प्राथमिक शाळेत चालेल. पाचवीचं एक्झिबिशन, म्हणजे पीवायपीच्या शेवटच्या वर्षी मुलं करून मांडतात तो प्रकल्प, हे स्वतंत्र मोठं काम आहे, ते इथे घेतलेलं नाही.

मागून पुढे आखा

शेवटचा दिवस शुक्रवार धरा आणि तिथून उलटं मोजत या. असेम्ब्ली आणि खाऊ शुक्रवारीच. रिपोर्ट बुधवारी. न्यूजलेटर मंगळवारी, कारण बसच्या बदललेल्या वेळा पालकांना निदान तीन दिवस आधी कळायला हव्यात. विद्यार्थ्यांनी चालवलेली पालकसभा, म्हणजे जिला सगळे एसएलसी (स्टुडंट-लेड कॉन्फरन्स) म्हणतात ती, आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी; तिच्यात मूल स्वतःच पालकांना आपलं काम दाखवतं. मैदानावरचा दिवस पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या. शेवटच्या आठवड्यात एखादं मूल पडलं आणि हात प्लास्टरमध्ये गेला, तर त्याच्या सुट्टीचं काही खरं नाही.

या क्रमातली एक गोष्ट कोणत्याही कारणाने बदलू नका: रिपोर्ट एसएलसीच्या नंतरच द्यायचा. रिपोर्ट आधी हातात पडला की पालक घरून मनात प्रश्न घेऊनच येतात आणि मूल पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामांची फाईल) उघडून बसलेलं असताना त्यांची नजर शिक्षकांना शोधत असते. मुलाचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या पालकाला तोच रिपोर्ट वेगळा वाचता येतो.

एसएलसी: वेळ आणि जागा

वर्गात 24 मुलं असतील तर एका वेळी चार कुटुंबं बोलवा. प्रत्येक फेरी 40 मिनिटांची, मध्ये 10 मिनिटं मोकळी. फेऱ्या 8:30, 9:20, 10:10 ला, मग अर्ध्या तासाची विश्रांती, पुढे 11:20, 12:10 आणि 1:00. दुपारी 1:40 ला सगळी 24 मुलं होतात. मधली 10 मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण ती कापली की तिसऱ्या फेरीपासून कुटुंबं दारात ताटकळू लागतात आणि आतल्या मुलांची घाई होते. पुढच्या फेरीसाठी साहित्य पुन्हा लावायलाही तोच वेळ लागतो.

ज्या घरची दोन मुलं शाळेत आहेत त्यांच्या वेळा सगळ्यांत आधी लावा. लागोपाठच्या फेऱ्या द्या, एकच फेरी नको. एकाच वेळी दिली की आई एकीकडे, बाबा दुसरीकडे अशी वाटणी होते आणि दोन्ही मुलांना अर्धंच घर मिळतं.

वर्गात पाच ठिकाणं मांडा: वाचन, गणित, सत्रातलं एखादं युनिट (अभ्यासघटक), मराठी किंवा घरची भाषा, आणि पोर्टफोलिओ. कुटुंबं चार आणि ठिकाणं पाच, हे मुद्दाम आहे. एक ठिकाण नेहमी रिकामं राहतं, त्यामुळे कोणी रेंगाळलं तरी मागचं कुटुंब अडत नाही. प्रत्येक ठिकाणी सात मिनिटं, म्हणजे 35 मिनिटं होतात. उरलेल्या पाच मिनिटांत सतरंजीवर बसून मूल आणि पालक मिळून पुढच्या सत्राचं एकच उद्दिष्ट लिहितात. घड्याळ शिक्षकांनी बघायचं, मुलांनी नाही. सात मिनिटं झाली की छोटी घंटा पुरते.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं

सहा ते आठ कामं, त्याहून जास्त नकोत. वीस कामं ठेवली की मूल नुसती पानं उलटत राहतं. निवड मुलाने करायची, अट फक्त एवढी की एका कामाचा पहिला कच्चा खर्डा आणि शेवटचं रूप एकत्र टाचलेलं असलं पाहिजे. वाढ दिसते ती तिथेच. प्रत्येक कामावर तारीख आणि दोन ओळींची चिठ्ठी: हे का निवडलं, आणि आज केलं तर काय वेगळं करेन. पहिली-दुसरीची मुलं सांगतील ते शिक्षकांनी जसंच्या तसं उतरवून घ्यावं. ‘मला याचा रंग आवडला म्हणून’ असं मूल म्हणालं तर तसंच लिहा. मोठ्यांच्या भाषेत सुधारलेली चिठ्ठी मुलाला वाचता येत नाही आणि पालकांच्या ते लगेच लक्षात येतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांत नेटकी पानं शिक्षकांनीच काढून ठेवणं. मग 24 पोर्टफोलिओ एकसारखे दिसतात आणि मुलाला त्यातल्या एकाही पानाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं.

गणिताच्या ठिकाणी हमखास होणारा वाद

इथे वर्कशीट ठेवू नका, करून दाखवायचं एखादं उदाहरण ठेवा. दुसरीसाठी 52 वजा 27 घ्या. घरी शिकवलेली रीत दशक मोडून सुटे करण्याची. वर्गात मूल संख्यारेषेवर उड्या मारतं: 27 पासून 30 पर्यंत 3, तिथून 50 पर्यंत 20, मग 52 पर्यंत 2. एकूण 25. उत्तर तेच येतं, तरी बरेच पालक मध्येच थांबवून ‘असं नाही करायचं’ म्हणतात आणि मूल तिथेच गप्प होतं. हे टाळायला ठिकाणाशेजारी दोन्ही रीती मांडलेला एक तक्ता लावा आणि वर लिहा: ‘तुमची रीत मुलाला दाखवा, मुलाची रीत तुम्ही करून बघा.’ दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या जवळ ठेवा. सहा गठ्ठे आणि 20 सुट्या काड्या पुरतात.

आजीशी मराठीत बोलताना आणखी एक अडचण येते. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, इंग्रजीत क्रम उलटा असतो. दोन्ही भाषांत गणित करणारं मूल 27 ऐकून 72 लिहितं, यात त्याचं गणित कच्चं असं काही नाही. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’सारखी वाचनपद्धत दिली त्यामागेही जोडाक्षरं आणि उलटा क्रम हीच अडचण होती, आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. एसएलसीत वाद घालायला वेळ नाही. संख्या लिहिलेली कार्डं ठेवा, आजी कार्ड दाखवेल, नातू करेल.

भाषा ठरवून ठेवा

एसएलसीला कोण येणार आणि बोलणं कोणत्या भाषेत होणार, हे पत्रातच विचारून घ्या. वर्गात शिकलेले शब्द मुलाकडे इंग्रजीत असतात. आजी-आजोबा समोर बसले की त्याला ‘बाष्पीभवन’ आठवत नाही आणि ते ओशाळतं. सरावाच्या वेळी त्या युनिटमधले आठ-दहा शब्द घरच्या भाषेत काढून कार्डावर लिहून द्या. मराठीच्या शिक्षकांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. 2020 च्या कायद्यानुसार राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं आहे, तेव्हा शाळेत मराठीचे शिक्षक असतातच. त्यांना फक्त ‘मराठीच्या टेबलापुरतं’ ठेवणं हे शाळेचंच नुकसान आहे. कोरियन किंवा जर्मन घरातल्या मुलासाठी हे शब्द पालकांकडूनच मागवा. मशीनने काढलेले शब्द घरात बोलतात तसे असतीलच असं नाही.

सराव

दोन सराव पुरेसे. पहिला आपल्याच वर्गातल्या जोडीदारासमोर, दुसरा मोठ्या वर्गातल्या मुलासमोर: दुसरीचं मूल पाचवीच्या मुलाला सगळं दाखवतं. लिहिलेलं भाषण पाठ करून घेऊ नका. पाठ केलेल्या मुलाला मध्येच कोणी प्रश्न विचारला तर ते पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं. त्याऐवजी पाच ठिकाणांची पाच चित्रं असलेली एक पट्टी हातात द्या. पुढे काय, एवढं आठवायला ती पुरते.

सरावात मोठ्या मुलाला मुद्दाम एक काम द्या: मध्ये एकदा तरी ‘म्हणजे काय?’ असं विचारायचं. घरचे हाच प्रश्न विचारणार असतात.

पालकांना पाठवायचं पत्र

एक आठवडा आधी, अर्ध्या पानाचं. त्यात विचारायचे तीन प्रश्न द्या: ‘हे आधी कसं जमत होतं?’, ‘कुठे अडलास आणि मग काय केलंस?’, ‘मला करून दाखवतेस का?’ टाळायचे दोनही स्पष्ट लिहा: किती मिळाले, आणि शेजारच्या मुलाने काय केलं. फोटो सुरुवातीला एकदा काढून फोन बाजूला ठेवायची विनंती करा.

शिक्षकांनी फेरीत कुठल्याही टेबलाशी बसायचं नाही. दाराजवळ एक डबा आणि चिठ्ठ्या ठेवा. ज्यांना मुलाच्या प्रगतीबद्दल वेगळं बोलायचं असेल ते नाव टाकतील, आणि रिपोर्ट गेल्यावर, सुट्टी लागायच्या आत त्यांना 15 मिनिटं द्यायची. ही सोय आहे हे कळलं की पालक वर्गात शिक्षकांना अडवत नाहीत.

ज्या मुलाकडे कोणीच येणार नाही त्याची व्यवस्था आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की झालीच पाहिजे. परदेशी असलेल्या बाबांना व्हिडिओ कॉलवर घ्या, टॅब रात्रभर चार्ज करून ठेवा. तेही जमत नसेल तर मुलानेच निवडलेला शाळेतला मोठा माणूस: ग्रंथपाल, खेळाचे सर, बसमधल्या मावशी. त्या माणसाला पूर्ण 40 मिनिटं मोकळीक द्या. ‘बघू, कोणीतरी बसेल’ असं ठेवलं तर दुपारी एक वाजता ते मूल पोर्टफोलिओ मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेलं असतं.

न्यूजलेटर

सत्राच्या न्यूजलेटरमध्ये पालक दोन गोष्टी शोधतात: तारखा, आणि आपल्या मुलाचा वर्ग. तारखा वरच हव्यात, मुख्याध्यापकांच्या मनोगताच्याही आधी. शेवटच्या दिवशी शाळा किती वाजता सुटेल, बस किती वाजता निघतील, शाळा पुन्हा कधी सुरू होईल, त्या दिवशी गणवेश कोणता. महिना अक्षरांनी आणि वार सोबत लिहा. 12/11 हा आकडा मराठी पालक 12 नोव्हेंबर वाचतो आणि अमेरिकन पालक 11 डिसेंबर. मिश्र देशांच्या शाळेत तारीख आकड्यांत लिहिणं म्हणजे गोंधळाला निमंत्रण.

वर्गांच्या बातम्या मुलांकडून लिहून घ्या. चौथी-पाचवीची दोन-दोन मुलं प्रत्येक वर्गाला वाटून द्या. त्यांनी त्या वर्गात जाऊन तीन प्रश्न विचारायचे आणि 70 शब्दांत बातमी द्यायची. पहिल्या वाक्यात काय झालं ते आलं पाहिजे. ‘आम्ही खूप मजा केली’ हे वाक्य आलं की परत पाठवा आणि विचारा, नक्की काय केलंत? मग ‘दुसरीने आठ दिवस शाळेतला ओला कचरा तोलला, सगळ्यांत जास्त भरला तो बुधवारी’ अशी बातमी निघते. शब्दांच्या चुका शिक्षकांनी दुरुस्त कराव्यात, वाक्यं मुलांचीच राहू द्यावीत.

फोटो वर्गाला एक. रांगेत उभे असलेले 24 चेहरे छापण्यापेक्षा हात आणि काम दिसेल असा फोटो घ्या. तो बातमीही सांगतो आणि संमतीचा प्रश्नही हलका होतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संमतीची यादी न्यूजलेटर करणाऱ्याच्या टेबलावर छापून ठेवा. ओळखपत्रावरचं नाव, बसचा क्रमांक, घराचा पत्ता लिहिलेलं दप्तराचं लेबल फोटोत दिसत असेल तर कापा. चेहरे तपासले जातात, लेबलं राहून जातात.

मराठी पान असेल तर युनिकोडमध्येच टंकलेखन करा. कृतिदेव किंवा जुनी श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या फॉण्टमधला मजकूर संदेशात चिकटवला की पालकांच्या फोनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू हे फॉण्ट मोफत मिळतात. मजकुराला मुक्त, मथळ्याला बालू छान दिसतो. पीडीएफ 5 एमबीच्या आत ठेवा आणि व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानाचा फोटो काढून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही.

रिपोर्टमधला शेरा

तीन वाक्यं पुरतात: मूल आज काय करू शकतं, ते कशावरून, आणि पुढचं एक पाऊल. ‘ओवी गोष्टीतल्या पात्राच्या मनात काय चाललं असेल ते सांगते. सहाव्या आठवड्याच्या वाचनगटात तिने मजकुरातलं वाक्य दाखवून ते सिद्ध केलं. पुढच्या सत्रात हेच तिने लिहून मांडावं.’ ‘हुशार आहे, पण बोलते जास्त’ या शेऱ्याने घरी फक्त ओरडा मिळतो.

असेम्ब्ली

जमिनीवर बसलेली प्राथमिकची मुलं 45 मिनिटं नीट बसतात. दहा वर्ग असतील तर प्रत्येकी 3 मिनिटं, बदलायला 1 मिनिट, म्हणजे 40. उरलेली 5 सुरुवात आणि शेवट. सगळ्या 240 मुलांना मंचावर बोलावून प्रमाणपत्र द्यायचं म्हटलं तर एकेकाला 15 सेकंद धरूनही एक तास जातो. प्रमाणपत्रं वर्गात द्या.

सगळ्यांत लहान वर्ग पहिला घ्या आणि नंतर समोर बसवा. माइक दोन हातातले आणि एक स्टँडवर. स्टँड आदल्या दिवशीच पहिलीच्या मुलाच्या तोंडाइतका खाली करून ठेवा आणि बॅटऱ्या नव्या घाला. गाण्याची पट्टी पेटीवर मुलांसोबतच ठरवा. सरांच्या सोयीच्या पट्टीत गाणं उचललं तर खालचे सूर मुलांना लागत नाहीत आणि सभागृहात फक्त ट्रॅक ऐकू येतो.

सजावटीला थर्माकोल वापरता येत नाही. राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि 1 जुलै 2022 पासून देशभर थर्माकोलच्या सजावटीसोबत फुग्यांच्या प्लास्टिक काड्याही बंद आहेत. मुलांनी सत्रभर केलेली चित्रं सुतळीला चिमट्यांनी लावा. उतरवून लगेच घरी पाठवता येतात.

मैदान

डिसेंबरात पुण्याकडे सकाळी गवत दवाने ओलं असतं. पोत्याची शर्यत आणि तीन पायांची शर्यत ऊन पडून गवत वाळल्यावरच घ्या, आधी लिंबू-चमचा घ्या. 60 मुलांसाठी सहा-सहाच्या दहा फेऱ्या, फेरीला 3 मिनिटं, म्हणजे एका खेळाला अर्धा तास. रेषांना चुन्याची फक्की नको; पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत गेली तर इजा होते. खडूची पावडर चालते.

खाऊ

यादी शाळेने ठरवावी, पालकांवर सोडू नये. आपल्याकडे शेंगदाणा चिवड्यात, चिक्कीत, लाडवात, कुठेही असतो, आणि एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी असेल तर एक घास पुरतो. केकमध्ये अंडं, मार्शमेलोत जिलेटिन. जैन घरातल्या मुलाला बटाट्याचे वेफर्स चालत नाहीत. या सगळ्यांतून बहुतेकांना चालेल अशी यादी छोटीच उरते: संत्री, केळी, आणि आपल्यासमोर तेल-मीठ लावलेले, शेंगदाण्याशिवायचे कुरमुरे. डिसेंबरात नागपूरची संत्री भरपूर मिळतात. 24 मुलांना 30 आणा. नर्सरीत द्राक्षं द्यायची असतील तर उभी कापून, आणि पॉपकॉर्न अजिबात नको, घशात अडकतं.

शाळा सोडून जाणारी मुलं

आंतरराष्ट्रीय शाळेत दर सत्राला कोणीतरी जातं. पालकांच्या परवानगीने वर्गाला दोन आठवडे आधी सांगा. शेवटच्या दिवशी सांगितलं तर मागे राहिलेल्या मुलांना निरोप घ्यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक मुलाकडून एक पान घ्या, त्यावर त्या मित्राबरोबर केलेली एक गोष्ट, फक्त शुभेच्छा नकोत. पानं टाचून एक वही करा. निघणाऱ्या मुलालाही वर्गासाठी एक पान ठेवायला सांगा. ते भिंतीवर राहू द्या.

पालकांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्याच दोन आठवड्यांत करावा, सुट्टीत कार्यालयात सही करणारं कोणी नसतं. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा. दुसऱ्या देशातून दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं होतं.

शेवटच्या दोन दिवसांत हरवलेल्या वस्तूंचं टेबल मुख्य दारापाशी आणा, कारण पालक वर वर्गापर्यंत येत नाहीत. ग्रंथालयाची पुस्तकं एसएलसीच्या दिवशीच परत घ्या. वर्गातल्या कुंड्या मुलांच्या नावाने घरी वाटा. आणि कपाटं, दप्तरांचे कप्पे शुक्रवारी बस सुटण्याआधी एकेक उघडून बघा. तीन आठवडे बंद राहिलेल्या एका डब्याचा वास जानेवारीत अख्ख्या वर्गाला पुरतो.